लेकाची तार

पेसमेकरच्या तारेचं टोक हृदयात घट्ट कसं रुतावं, हे ठरवणारा इंजिनिअर म्हणजे म्हातारीचा थोरला लेक. चारचौघांत फुशारक्या मारायचा, "आमची तार एकदा रुतली की यमाच्या बापालाही उपटता यायची नाही!" जिभेला काय, हाड थोडंच असतं.

मग म्हातारीलाच पेसमेकर बसवायची वेळ आली. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "आजी, तुमच्या लेकाचीच तार घालतो."

लेकाचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरांना बाजूला ओढून तो पुटपुटला, "आईला दुसऱ्या कंपनीची घाला. आमची अधूनमधून निसटते."

खाटेवरच्या म्हातारीचे कान शाबूत होते. तिनं लेकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"डॉक्टर, याचीच घाला. निसटलीच, तर कुणाची आई गेली ते याला घरबसल्या कळेल."