न पुसलेली रेघ

इद्रिया या लेससाठी प्रसिद्ध गावात चाळीस वर्षं लेस विणून मिलोइकाची नजर बारीक धाग्याला सरावली होती. म्हणून तिच्या खगोलशास्त्रज्ञ लेकीने, नेझाने, तिला अंतराळ दुर्बिणीची छायाचित्रं तपासायला बसवलं. दुर्बिणीसमोरून उपग्रह गेला की दीर्घिकांच्या चित्रावर पांढरी रेघ उमटे. संगणक ती हेरायचा आणि आईने दुजोरा दिला की पुसायचा.

आज एक फिकट रेघ मिलोइकाने तशीच सोडली.

"आई, ही राहिली. चष्मा बदल आता."

"चष्म्याला काय झालंय? ही उपग्रहाची नाहीच."

"संगणक तर उपग्रह म्हणतोय."

"त्याने कधी लेस विणलीय? बाकीच्या रेघा ताणलेल्या दोऱ्यासारख्या सरळ आहेत. ही दीर्घिकेपाशी वळलीय, बघ."

नेझाने हसत त्याच जागेचं वर्षापूर्वीचं चित्र उघडलं आणि तिचं हसू थांबलं. रेघ तिथेही होती, तशीच वळलेली.

"आई, हे तारे आहेत गं. या दीर्घिकेने शेजारच्या छोट्या दीर्घिकेतून ओढून काढलेले, लाखो. असे आपण आजवर किती पुसले असतील."

"मूळ चित्रं ठेवलीयत ना?"

"सगळी आहेत."

मिलोइकाने खुर्ची पुढे ओढली. "मग आण. पहिल्यापासून बघू."