बघितलं की बंद

दिगंबरच्या लॅपटॉपवर यांत्रिक हृदयाचा कोड तपासताना सहाव्यांदा सगळं बंद पडलं. त्याच्या बायकोचं, शालनचं, यांत्रिक हृदय वर्षापूर्वी अचानक का थांबलं, ते त्याला शोधायचं होतं. पण तो कोड कंपनीने मुद्दाम कुणाला कळू नये असा गुंतागुंतीचा करून ठेवला होता.

शेजारी बसलेली त्याची सहायक मृण्मयी म्हणाली, "सर, यात चूक नाहीच. कुणी आत डोकावलं की हा स्वतःला बंद करतो. चोरी होऊ नये म्हणून. आता नुसता चालवते, बघा."

तिने कोडच्या आत डोकावणारा तपासणीचा प्रोग्राम बंद केला. पडद्यावर ठोके सुरळीत पडू लागले.

दिगंबरला वर्षापूर्वीची ती दुपार आठवली. त्या दुपारी शालन हसत म्हणाली होती, "जरा धडधडतंय. जगाची यंत्रं दुरुस्त करता, माझं बघा की!"

आणि त्याने लॅपटॉप जोडून आत बघितलं होतं.