फुलांचे कांदे

हायसिंथच्या फुलांची बाग बघून आलो, तेव्हा तिथून आणलेले फुलांचे लालसर-जांभळे कांदे मी बाल्कनीत आमच्या रोजच्या कांद्यांशेजारी ठेवले. पुण्याहून आमच्याकडे जपानला आलेल्या सासूबाईंना बजावलं, "आई, फुलांचे कांदे विषारी असतात हं."

सकाळी बाल्कनीत एकही कांदा नव्हता आणि टेबलावर कांदेपोहे होते. "आई, फुलांचे कांदे कुठे गेले?" मी ओरडलेच.

"घाबरतेस काय एवढी? फुलांचे कांदे मी कालच कुंडीत लावले."

जीव भांड्यात पडला. नवरा पोहे खायला बसला. मी कुंडीला पाणी घालायला गेले, तर मातीतून इथल्या दुकानातले पिवळे कांदे डोकावत होते.

आतून आई म्हणाल्या, "घे रे निनाद अजून. जपानात आल्यापासून पहिल्यांदा आपला लाल कांदा मिळालाय!"