डबीतला मुखत्यार

दुय्यम निबंधकांच्या टेबलावर शशिकलाबाईंनी स्वतःच्याच मनाची प्रत ठेवली. दहा वर्षांपूर्वी काढलेली, कुंकवाच्या डबीएवढी. आता त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. दुसऱ्या कुणावर विसंबायचा स्वभाव नव्हता, म्हणून पुढे काजूची बाग या प्रतीनंच सांभाळावी, असं कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. शेजारी लेक रेवती बसली होती.

"मुखत्यार व्हायला कबूल आहात?" निबंधकांनी नियमाप्रमाणे डबीला विचारलं.

डबीचा डोळा उघडला. "मुळीच नाही!" आवाज शशिकलाबाईंचाच, ठसकाही. "रेवतीनं मला न विचारता लग्न केलं, दहा वर्षांपूर्वीचा तो राग माझ्यात अजून ताजा आहे. मी तिला बागेत पाऊल ठेवू देणार नाही. पण बाई, तू तर तिचा हात धरून बसलीयस! कागद तिच्याच नावानं कर."

शशिकलाबाईंनी खाली पाहिलं. हात खरंच रेवतीच्या हातात होता.