चार वाजेपर्यंत

डब्यावरचे बाकी सगळे दिवे हिरवे होते. वायफायचा तेवढा विझलेला. बसवंतनं लॅपटॉपवर तिसऱ्यांदा 'रीस्टार्ट' दाबलं. चक्र गरगरत राहिलं आणि पान कोरं झालं.

"मर एकदाचा!" तो डब्याला म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या व्हॉल्व्हच्या कारखान्यात येणारं-जाणारं सगळं इंटरनेट त्या जुन्या फायरवॉलमधून जायचं, आणि पॅकिंगमधले स्कॅनर ज्यावर चालायचे ते वायफायही त्याच्याच पोटात होतं. ते वेगळं असतं तर वायर उपटून पुन्हा लावली असती. इथं वायर उपटायची म्हणजे अख्खा कारखाना मुका करायचा. त्यात वरच्या मजल्यावर मालक, त्रिविक्रमराव, सकाळपासून परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलत होते. मागच्या खेपेला बंद केलेला हा डबा जागा व्हायला दोन तास लागले होते.

फोन वाजला. पॅकिंगमधून अंबुबाई.

"अण्णा, स्कॅनर अजून गप्पच हाईत की वो. आम्ही हातानं लिवायलोय."

"लिहा अक्का. बघतोय मी."

"सहाशे चाळीस खोकी हाईत. गाडी दारात उभी हाय."

बसवंत जिना चढून वर गेला. त्रिविक्रमरावांनी माइक बंद केला, पण नजर पडद्यावरून हलवली नाही.

"सर, वायफाय गेलंय. फायरवॉल बंद करून सुरू करावा लागेल."

"वेडा आहेस का? हे लोक लाइनवर आहेत!"

"मग नवा घ्या, सर. पाच वर्षं सांगतोय. बनवणाऱ्या कंपनीनंसुद्धा त्याला वाऱ्यावर सोडलंय. रविवारी बंद पडतो, सणाला बंद पडतो. भाचीच्या साखरपुड्यातून उठून आलो होतो मी."

पडद्यावरचा कोणीतरी त्रिविक्रमरावांना हाक मारत होता. त्यांनी वैतागून हात झटकला. "सरी, ठीक आहे! चार वाजेपर्यंत सुरू झालं नाही तर नवा मागव. मेल टाक, मी ओके लिहितो. आता जा."

जिना उतरताना बसवंतला पायऱ्या लागल्या नाहीत. अडीच वाजले होते. चारपर्यंत काहीच करायचं नाही, बस्स. खरं तर एक उपाय उरला होता. डब्याला थेट केबल लावून, नुसत्या वायफायला झोपवून उठवायचा हुकूम टाइप करायचा. मागे एकदा तो लागू पडला होता. केबल टेबलाच्या खणात होती. बसवंतनं खण उघडला नाही. चहा घेतला आणि मेल लिहायला बसला. 'मंजुरी मिळाल्याप्रमाणे' हे शब्द त्यानं दोनदा वाचले.

सव्वातीनला तो सहज म्हणून पॅकिंगकडे गेला.

अंबुबाई खोक्यांच्या रांगेत उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात पेन. चष्मा भिंगासारखा व्हॉल्व्हवर धरून त्या अकरा आकडी नंबर पुटपुटत लेबलावर लिहीत होत्या. "आठ... का सहा हाय हा? अण्णा, बगा की जरा."

बसवंत वाकला. "तीन आहे, अक्का."

त्यांनी खोडलं. वर पुन्हा लिहिलं. खोडलेलं लेबल गिऱ्हाईक घेत नाही, हे लक्षात आल्यावर ते फाडून नवं घेतलं. मागच्या महिन्यात असाच एक आकडा चुकला होता आणि माल चेन्नईहून परत आला होता. त्या दिवशी ठेकेदारानं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणखी एक चूक झाली की घरी. अंबुबाईंनी पुढचं खोकं ओढून घेतलं. अजून चारशेवर खोकी उरली होती.

बसवंत स्वतःवरच चरफडत परत आला. खण जोरात ओढला, केबल काढली, डब्यात खुपसली. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला. एक अक्षर चुकलं, पुन्हा टाइप केला. दोन मिनिटं काहीच झालं नाही, आणि त्या दोन मिनिटांत, खरं सांगायचं तर, त्याला जरा बरं वाटलं. मग वायफायचा दिवा लुकलुकला आणि हिरवा होऊन तसाच राहिला.

पावणेचारला त्रिविक्रमरावांचा फोन आला. मीटिंग संपली होती, आवाज मोकळा झाला होता.

"चाललं की रे! उगीच नवा नवा करत होतास. स्वल्प डोकं लावलं की होतंय बघ. ती मेल टाकू नकोस."

"हो, सर."

"आणि तू असताना काळजी कसली? आणखी दोन वर्षं काढेल तो."

बसवंतनं फोन ठेवला आणि त्या डब्याकडे बघितलंही नाही. पॅकिंगमध्ये स्कॅनर टीक टीक करत होते. गाडीत खोकी चढत होती. अंबुबाईंनी चष्मा नाकावर ठेवला होता आणि त्या भराभर एकेका नंबरावर लाल उजेड टाकत पुढं सरकत होत्या.

"अण्णा, नवीन मशीन बसवलं व्हय?"

"नाही, अक्का. जुनंच आहे."

"बरं झालं बगा," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "नवीन आलं की पुन्ना पयल्यापासनं शिकाय लागतंय."