शंकापेटीची किल्ली

या, जरा पुढं सरका. सतरंजी मोठी आहे आणि गोष्ट लहान. कोपरगावाकडच्या एका खेड्यातल्या चर्चची आहे. कान देऊन ऐकलीत तर वाया जाणार नाही, एवढा शब्द देतो.

रेश्माताई पगारे चिपळ्या घेऊन उभ्या होत्या आणि सहादेवकाका दाराजवळच्या शंकापेटीचं कुलूप काढत होते. दर रविवारचा हा क्रम. देवाविषयी ज्याला शंका असेल त्यानं नाव न घालता चिठ्ठी टाकायची, काकांनी ती वाचायची आणि ताईंनी कीर्तनातून उत्तर द्यायचं. तरणी पोरं उपासनेला येईनाशी झाली, तेव्हा ताईंनीच हट्टानं ही पेटी बसवून घेतली होती.

काका म्हणजे मंडळीतले सगळ्यांत कडक पंच. मंडळीकडं पाठ करून त्यांनी पेटीत हात घातला आणि चिठ्ठी घेऊन मधल्या पंख्याखाली येऊन उभे राहिले. पंख्यावर लाल अक्षरं होती : अजिनाथ सहादेव साळवे याच्या स्मरणार्थ. शास्त्रपाठाच्या वेळी काकांचा चष्मा शोधण्यात दोन मिनिटं जात. चिठ्ठी मात्र ते रागाच्या भरात तशीच घडाघडा वाचत.

"'माणूस चंद्रावर जाऊन आला, देव कुठंच गावला न्हाई. मग हात जोडायचे कुनाला?' ऐका! ज्यानं लिवलं त्याचा कान एकदा माझ्या हातात येऊ द्या."

बाया पदराआड हसल्या. काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

कान कुणाचा, ते ताईंना ठाऊक होतं. खिडकीपाशी बसलेल्या करणचा. त्यांचा एकुलता एक. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. कोरोनात वडील गेले आणि त्यानं प्रार्थना सोडली. आईला मोटारसायकलवरून आणायचा आणि बाहेर ऊन म्हणून आत बसायचा. घरी देवाचा विषय निघाला की मोबाईल काढायचा. तोंडानं बोलवत नाही म्हणून पोरगं पेटीत टाकतंय, असं ताईंनी मनाशी धरलं होतं. चर्चमधला हंगामाचा सण, पिकाच्या उपकारस्तुतीचा, झाला की तो कोल्हापूरकडच्या कारखान्यावर जाणार होता. तेवढे रविवार त्यांच्या हातात होते.

पंचांच्या बैठकीत दुसरे एक पंच, सुनीलराव, यांनी विषय काढला. "ताई, पेटी बंद करा. असले प्रश्न ऐकून चांगली माणसं बिघडतील."

"प्रश्नाला भिणारा देव असता तर त्याची गाणी मी गायलीच नसती," ताई म्हणाल्या. "इचारू दे. त्याला सवय आहे."

सुनीलरावांनी काकांकडं पाहिलं. कडक माणूस, आपल्याच बाजूचा. काका किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाले, "बाईला खाज हाय ना उत्तरं द्यायची? देऊ द्या. दमल आपसूक."

पण पुढचे तीन रविवार एकच प्रश्न आला. "'घरातलं मानूस नेलं, तवा तो कुठं हुता?'" काका वाचत आणि टोमणा मारत, "बाई, मागच्या वेळचं उत्तर झालं न्हाई बरं का. फिरून इचारलंय."

तिसऱ्या रविवारी ताईंनी दाखले बाजूला ठेवले. विज्ञानाशी भांडण नाही म्हणाल्या. माझं पोरगं त्याच भाकरीवर जगतं. मग मित्राच्या कबरेपाशी प्रभू रडला तो प्रसंग त्यांनी लावला, आणि आवाज चढवून स्वतःच जुळवलेलं कडवं गायल्या :

*पुसता उत्तर । बोलला ना तरी ।*
*बसला शेजारी । आसवांत ॥*

मंडळींनी ओळ उचलली. ताईंची नजर खिडकीवर होती. करणचे ओठ हलले. आधी नुसते, मग आवाजासकट. ताईंचे डोळे भरून आले. काका मात्र खोकत, टोपीनं तोंड पुसत पाणी प्यायला बाहेर गेले.

त्याच गुरुवारी सकाळी, चहाची बशी हातात असताना, सहादेवकाका गेले. बोलावणं आलं आणि निघाले, इतकं सोपं.

रविवारी काकांची बायको, गोजरकाकू, चर्चच्या दारात भेटल्या.

"सलाम, काकू."

"सलाम, बाई. ही घे किल्ली. बुधवारीच म्हनले हुते, ही रेश्माबाईला दे, आन् सांग, शेवटच्या चिठ्ठीचं उत्तर झालं म्हनावं."

ताईंना हसू आलं. म्हातारा वरून फणस, पण करण गायला ते त्यानंही पाहिलं होतं तर! मंडळी यायला अवकाश होता. ताईंनी लेकाला हाक मारली.

"ये. आज तुझी चिठ्ठी तूच वाच."

"माझी? मी कधी लिहिली?"

"आता आईपुढं लाजतोस?" म्हणत त्यांनी कुलूप काढलं.

पेटीत कागद नव्हता. चिठ्ठी टाकायच्या फटीला आतून कुंभारमाशीनं घर बांधलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडासारखी वाळलेली माती. करणनं नखानं टोकरून पाहिली.

"आई, ही मागच्या उन्हाळ्यातली आहे. वर्षभर हिच्यातून काडीसुद्धा आत गेली नसेल."

ताईंनी हातातल्या किल्लीकडं पाहिलं. वर्षभर ती एकट्या काकांकडंच होती. मग मान वर करून पंख्यावरच्या लाल अक्षरांकडं, काकांच्या लेकाच्या नावाकडं. तर बाबांनो, आज प्रार्थनेला डोळे मिटाल, तेव्हा सहादेव साळव्यांची आठवण ठेवा.