माहेरचं पाणी

घरमालकाच्या फोनवर गावाहून धाकटा भाऊ दगा बोलला, आणि शोभाबाईला गगन ठेंगणं झालं. "ताई, गेलं होतं साल, पण सावरलं बघ. पाऊस हटायलाच तयार नाही. तापीमाय दुथडी भरून तुझ्या सुरतेकडे निघालीय, ओटी भर तिची." तिनं गल्लीभर साखर वाटली.

शेजारचे पोपटबाबा अंथरुणाला खिळलेले. वरच्या धरणाचं पाणी सोडणार असं ऐकून त्यांची लेक चैताली त्यांना आपल्या घरी कडोदऱ्याला न्यायला आली होती.

"आधी आभाळ तर बघ," तिच्या हातावर साखर ठेवत शोभाबाई म्हणाली. "ऊन कसं लख्ख पडलंय. कशाला म्हाताऱ्याचे हाल करतेस? मी आहे ना."

लेक एकटीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तापी गल्लीत शिरली. शोभाबाई पोरांना घेऊन गच्चीवर चढली. बाबांसाठी परत खाली उतरायला जिनाच उरला नव्हता.

पाणी ओसरल्यावर दगाचा पुन्हा फोन आला. "ताई, तुमच्याकडे पडला का गं?"

खाली चैताली बापाची चिखलानं माखलेली खाट धूत होती.

"नाही रे," शोभाबाई म्हणाली, "इथे थेंबही पडला नाही."